स्पॅनिशभाषक रुग्णांसाठी द्विभाषिक कर्मचारी : अमेरिकेतील दवाखान्यांसाठी मार्गदर्शन

अमेरिकेत घरी स्पॅनिश बोलणाऱ्यांची संख्या चार कोटींहून अधिक आहे आणि जनगणना विभागाच्या पाहण्यांनुसार त्यांपैकी दर दहांमागे साधारण चौघांना इंग्रजी 'अगदी चांगले' बोलता येत नाही. या चौघांत दुकानात, कामावर, मुलांच्या शाळेत इंग्रजीवर निभावून नेणारी माणसेही असतात. परंतु छातीत दुखते ते टोचल्यासारखे की दाबल्यासारखे, गोळी उपाशीपोटी घेतली की जेवणानंतर, सही केली ती नेमकी कोणत्या शस्त्रक्रियेसाठी, हे सांगण्या-समजण्यापुरती त्यांची इंग्रजी पोहोचत नाही. अमेरिकेत स्वतःचा दवाखाना चालवणाऱ्या किंवा रुग्णालयात, आरोग्य केंद्रात काम करणाऱ्या मराठी डॉक्टरांना, दंतवैद्यांना, नर्सना आणि व्यवस्थापकांना असे रुग्ण वारंवार भेटतात. त्यांच्यापर्यंत सेवा नीट पोहोचावी यासाठी द्विभाषिक कर्मचाऱ्यांची व्यवस्था कशी लावावी, हे येथे सांगितले आहे.

याविषयी विचारले की अनेक ठिकाणी एकच उत्तर मिळते : "आमच्याकडे एक मुलगी आहे, तिला स्पॅनिश येते." ही मुलगी बहुधा मेडिकल असिस्टंट असते किंवा फ्रंट डेस्कवर बसणारी असते. ती एका रुग्णाचा रक्तदाब मोजत असताना तिला दुसऱ्या खोलीतून हाक येते, तेथून तिला बिलाविषयीचा फोन घ्यायला बोलावले जाते आणि मधल्या वेळात तिचे नेमून दिलेले काम तसेच पडून राहते. तिची भाषा कोणी तपासलेली नसते, या जादा कामाबद्दल तिच्या पगारात काही नसते आणि ती रजेवर असली की स्पॅनिश बोलणारे कोणीच उरत नाही. माझे मत स्पष्ट आहे : द्विभाषिक कर्मचाऱ्यांमुळे सेवा खरोखर सुधारायची असेल तर त्यांचे भाषेचे काम तपासून घेतलेले, वेळ राखून ठेवलेले आणि मोबदला दिलेले काम असले पाहिजे. ते सद्भावनेवर चालवले की पहिली झळ रुग्णाला बसते आणि दुसरी त्या कर्मचाऱ्याला.

आधी रुग्णाची वाट तपासा

कोणाला कामावर घ्यायचे हे ठरवण्यापूर्वी रुग्ण कोणकोणत्या टप्प्यांवर अडतो ते पाहिले पाहिजे. त्यासाठी सर्वांत उपयुक्त आणि बिनखर्चाची चाचणी म्हणजे एखाद्या स्पॅनिशभाषक व्यक्तीला आपल्याच दवाखान्यात फोन करायला सांगणे आणि शेजारी बसून ऐकणे. 'पारा एस्पान्योल, ओप्रीमा एल दोस', म्हणजे स्पॅनिशसाठी दोनचे बटण दाबा, ही सूचना आज बऱ्याच ठिकाणी ऐकू येते. पण दोन दाबल्यानंतर काय होते हे तेथील डॉक्टरांना क्वचितच ठाऊक असते. कधी फोन पुन्हा इंग्रजी बोलणाऱ्या त्याच डेस्कवर येतो, कधी इंग्रजी व्हॉइसमेल लागतो, कधी स्पॅनिशमध्ये निरोप ठेवता येतो, परंतु तो ऐकून उलट फोन करण्याची जबाबदारी कोणाचीच नसते. रुग्णाच्या दृष्टीने दवाखाना तेथेच बंद झालेला असतो आणि त्याची नोंद आपल्या कोणत्याही अहवालात येत नाही, कारण अपॉइंटमेंट मुळात दिलीच गेलेली नसते.

फोननंतरचे टप्पेही असेच चालून पाहावेत : अपॉइंटमेंटची आठवण करून देणारा संदेश कोणत्या भाषेत जातो, दारावरच्या पाट्या वाचता येतात का, नोंदणीचा अर्ज कोण भरून घेतो, तपासणीनंतर रेफरल मिळालेल्या रुग्णाला पुढच्या तज्ज्ञाकडे स्वतः फोन करावा लागतो का, रक्ताच्या तपासणीचा निकाल त्याला कोण सांगतो, पोर्टल स्पॅनिशमध्ये उघडते का, आणि रात्री बाळाला ताप चढला तर दवाखान्याच्या नंबरवर त्या आईला कोणाचा आवाज ऐकू येतो. माझ्या पाहण्यात सर्वाधिक गळती रेफरल आणि निकाल या दोन ठिकाणी होते. डॉक्टरांच्या खोलीत दुभाष्याची सोय असते, म्हणून सारे सुरळीत चालले आहे असे डॉक्टरांना वाटत राहते; परंतु रुग्णाचा बराचसा व्यवहार त्या खोलीबाहेरच्या माणसांशी होत असतो. म्हणून दवाखान्यात द्विभाषिक व्यक्ती एकच नेमता येणार असेल, तर तिला मी फोन आणि फ्रंट डेस्कवर नेमण्याचा सल्ला देईन. तपासणीच्या खोलीत फोनवरचा किंवा व्हिडिओवरचा व्यावसायिक दुभाषी आणता येतो, फ्रंट डेस्कवर मात्र प्रत्येक लहानसहान प्रश्नासाठी तसे करणे कोणालाच जमत नाही.

याच टप्प्यावर भाषेची नोंद व्यवस्थित करून घ्यावी. "तुम्हाला इंग्रजी येते का?" या प्रश्नाला संकोचापोटी बरेच रुग्ण होकार देतात. त्याऐवजी "तुमच्या प्रकृतीविषयी आम्ही तुमच्याशी कोणत्या भाषेत बोलावे?" असे विचारावे आणि "लेखी सूचना कोणत्या भाषेत हव्यात?" हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारावा, कारण स्पॅनिश उत्तम बोलणाऱ्या प्रत्येकाला ती सहज वाचता येतेच असे नाही. रुग्ण लहान मूल असेल तर पालकांची भाषा नोंदवावी. मूल शाळेत इंग्रजी बोलते म्हणून चार्टवर 'इंग्रजी' लिहिले जाते आणि औषध देणाऱ्या आईची भाषा कोठेच उरत नाही. ही नोंद चार्टच्या अशा जागी हवी की अपॉइंटमेंट देणाऱ्यालाही ती पडद्यावर लगेच दिसेल.

तीन कामे, तीन वेगळी कौशल्ये

"स्पॅनिश येते" या दोन शब्दांत तीन निरनिराळी कामे दडलेली असतात आणि ती एकच समजली गेली की गोंधळ होतो. पहिले काम म्हणजे आपले नेमलेले काम थेट स्पॅनिशमध्ये करणे : नर्सने इन्सुलिन कसे टोचायचे ते समजावणे, फ्रंट डेस्कने विम्याचे कार्ड मागणे. दुसरे काम दुभाष्याचे, म्हणजे दोन व्यक्तींमधले बोलणे काही न गाळता, न वाढवता इकडून तिकडे पोहोचवणे. तिसरे काम लेखी भाषांतराचे. उत्तम स्पॅनिश बोलणारी नर्स पहिले काम सुरेख करेल, पण डॉक्टरांचे लांबलचक वाक्य लक्षात ठेवून जसेच्या तसे सांगण्याचा सराव तिला असेलच असे नाही, आणि शस्त्रक्रियेच्या संमतिपत्राचे भाषांतर तर तिला सांगूच नये.

अफोर्डेबल केअर ॲक्ट या आरोग्य विमा कायद्याचे कलम १५५७ आरोग्यसेवेत भेदभावाला मनाई करते; त्याखालील २०२४ च्या नियमांतही या तिन्ही भूमिकांच्या व्याख्या वेगवेगळ्या आहेत. 'पात्र द्विभाषिक कर्मचारी' ठरण्यासाठी त्या व्यक्तीला संस्थेने हे काम तिच्या नेमलेल्या जबाबदारीचा भाग म्हणून सोपवलेले असावे लागते, आणि इंग्रजी व दुसरी भाषा या दोन्हींवर, आवश्यक त्या वैद्यकीय शब्दसंग्रहासह, तिचे प्रभुत्व सिद्ध झालेले असावे लागते. स्वतः सांगितलेले प्रभुत्व येथे पुरत नाही. संघीय सरकारकडून आर्थिक साहाय्य घेणाऱ्या आरोग्य संस्थांना हे नियम लागू होतात. मेडिकेडचे, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी विम्याचे, रुग्ण पाहणारे दवाखाने त्यांत येतातच. शिवाय २०२४ च्या नियमांनी मेडिकेअर पार्ट बीची (मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी विम्यातील डॉक्टरांच्या सेवेच्या भागाची) रक्कमही आर्थिक साहाय्यात धरल्यामुळे एकट्याने प्रॅक्टिस करणारे अनेक डॉक्टरही त्यांच्या कक्षेत आले आहेत. पंधरा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या संस्थेला या कलमासाठी एक समन्वयक नेमावा लागतो.

कायद्याविषयी अलीकडे संभ्रम पसरला आहे, त्यामुळे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक वाटते. ऑगस्ट २००० मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी काढलेला भाषा-साहाय्यविषयक आदेश १ मार्च २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्या आदेशाने रद्द झाला आणि त्याच आदेशाने इंग्रजी ही देशाची अधिकृत भाषा ठरवली. तथापि १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचे सहावे प्रकरण आणि कलम १५५७ हे अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तेथील संसदेने, संमत केलेले कायदे असून ते राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने रद्द झालेले नाहीत. "आता दुभाषी द्यायची गरज नाही" असे कोणी सांगत असेल तर आपल्या वकिलाकडून खात्री करून घेतल्याशिवाय व्यवस्थेला हात लावू नये.

भाषा तपासून घेणे

या पायरीला सर्वाधिक टाळाटाळ होते, कारण सहकाऱ्याची परीक्षा घेणे अवघड वाटते. तरीही ती घ्यावीच लागते. अमेरिकेत वाढलेली, घरी आजीशी स्पॅनिश बोलणारी तरुणी गप्पा मारताना अस्खलित वाटते, परंतु गर्भाशय, पित्ताशय, रक्त पातळ करणारे औषध, भूल, यकृताची तपासणी असे विषय तिने त्या भाषेत कधी बोललेलेच नसतात, कारण तिचे शालेय शिक्षण इंग्रजीत झालेले असते. घरी मराठी बोलणाऱ्या, पण शाळा अमेरिकेत झालेल्या आपल्या मुलांकडे पाहिले तर हे लगेच पटते. यात तिचा काही दोष नाही. शब्दसंग्रह शिकवता येतो, फक्त तो नाही हे आधी कळले पाहिजे.

तपासणी बाहेरच्या संस्थेकडून करून घ्यावी. वैद्यकीय कर्मचाऱ्यांसाठी फोनवरून तोंडी परीक्षा घेणाऱ्या भाषा-संस्था आहेत, आणि डॉक्टरांसाठी स्वतंत्र अशी क्लिनिशियन कल्चरल अँड लिंग्विस्टिक असेसमेंट ही परीक्षा उपलब्ध आहे. कैझर पर्मनेंटे या मोठ्या आरोग्यसंस्थेने 'क्वालिफाइड बायलिंग्वल स्टाफ' या नावाची पद्धत अवलंबली असून तीत कर्मचाऱ्यांची पातळी ठरवून त्यांना त्या पातळीनुसारच काम दिले जाते. लहान दवाखान्यानेही हाच विचार उचलावा : एका पातळीवरच्या व्यक्तीने अपॉइंटमेंट, पत्ता, विमा, दिशा सांगणे एवढेच करावे, वरच्या पातळीवरच्या व्यक्तीने आरोग्याविषयी बोलावे, आणि दुभाष्याचे काम प्रशिक्षण घेतलेल्यानेच करावे. दुभाष्यांसाठी सीसीएचआय आणि एनबीसीएमआय या दोन राष्ट्रीय संस्थांची प्रमाणपत्रे आहेत. दोन्हींना परीक्षेपूर्वी किमान ४० तासांचे प्रशिक्षण लागते आणि दोन्हींची स्पॅनिश परीक्षा उपलब्ध आहे.

प्रशिक्षणाचा खर्च वाया जातो की काय, अशी शंका असेल तर ग्लेन फ्लोरेस आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास पाहावा. मॅसॅच्युसेट्समधील दोन बालरोग तातडी विभागांतील भेटींत, रुग्णावर वैद्यकीय परिणाम होऊ शकेल अशा चुकांचे प्रमाण एकूण चुकांमध्ये व्यावसायिक दुभाष्यांकडून १२ टक्के, हाताशी सापडलेल्या व्यक्तीकडून दुभाष्याचे काम करून घेतले तेव्हा २२ टक्के आणि दुभाषी अजिबात नसताना २० टक्के होते. ज्यांनी १०० तास किंवा अधिक प्रशिक्षण घेतले होते त्यांच्या बाबतीत ते २ टक्क्यांवर आले. हाताशी सापडलेला माणूस आणि कोणीच नसणे यांत या दृष्टीने जवळजवळ फरक नव्हता, ही बाब प्रत्येक व्यवस्थापकाने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

परीक्षा डॉक्टरांनाही लागू असावी, आणि येथे आपल्या वाचकांना थोडे स्पष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. निवासी डॉक्टर म्हणून काम करताना कामापुरती स्पॅनिश उचललेले पुष्कळ भारतीय डॉक्टर आहेत. त्यांची ही धडपड मोलाची आहे, रुग्णालाही ती आवडते. स्वागत करणे, चौकशी करणे, "खोल श्वास घ्या" असे सांगणे त्यांनी जरूर स्पॅनिशमध्येच करावे. परंतु प्रश्न विचारता येणे आणि त्याचे लांब, घाईचे, रडत दिलेले उत्तर समजणे यांत मोठे अंतर असते. निदान, औषधयोजना किंवा संमती यांपर्यंत बोलणे आले की परीक्षा उत्तीर्ण न झालेल्या डॉक्टरांनी दुभाष्याला बोलावलेच पाहिजे.

भरती, वेळ आणि पगार

जाहिरातीत "स्पॅनिश येत असल्यास प्राधान्य" असे मोघम लिहिण्यापेक्षा भाषेचे काम कोणते, दिवसातला किती वेळ त्यात जाईल आणि कोणती परीक्षा घेतली जाईल हे लिहावे. निवड भाषेच्या कौशल्यावर करावी, आडनावावर किंवा मूळ देशावर नाही. मूळ देशावरून निवडणे हे रोजगार कायद्यानुसार भेदभाव ठरते, आणि शिवाय लॅटिन आडनावाच्या सर्वांना स्पॅनिश येते हे गृहीतच चुकीचे असते. कर्मचाऱ्यांनी आपसात फक्त इंग्रजीच बोलावी असा सरसकट नियम काही ठिकाणी असतो, तोही कायद्याच्या दृष्टीने अडचणीचा आहे.

पगाराबाबत दोन पद्धती रूढ आहेत : तासाच्या दरात ठरावीक वाढ किंवा महिन्याला ठरावीक भत्ता. कोणतीही निवडावी, पण ती लेखी असावी आणि परीक्षा उत्तीर्ण होण्याशी जोडलेली असावी. याहून महत्त्वाचा आहे वेळ. द्विभाषिक नर्सच्या वाट्याला स्पॅनिशभाषक रुग्ण जास्त येणार असतील तर तिच्या यादीत एकूण रुग्ण कमी ठेवावे लागतात, कारण दुसऱ्या नर्सच्या खोलीत जाऊन तिने घालवलेली वीस मिनिटे तिच्या कामाच्या हिशेबात कोठेतरी यायला हवीत. ती येत नाहीत म्हणून चांगली माणसे थकून सोडून जातात. हे टाळण्यासाठी एक साधी पद्धत उपयोगी पडते : दुभाष्याच्या कामासाठी हाक मारायची असेल तर ती विनंती अपॉइंटमेंटच्या पडद्यावरच नोंदवावी, तोंडी हाक मारू नये. महिन्याअखेरीस त्या नोंदी पाहिल्या की कोणावर किती भार पडला ते दिसते आणि आणखी एक व्यक्ती नेमण्याची मागणी मालकापुढे आकड्यांसह ठेवता येते. कोणत्याही कर्मचाऱ्याला, आपल्या शक्तीबाहेरचे वाटल्यास, "यासाठी व्यावसायिक दुभाषी बोलवा" असे म्हणण्याचा अधिकार असावा आणि तसे म्हटल्याबद्दल तिच्याकडे नाराजीने पाहिले जाऊ नये.

खर्चाची बाजू लहान करून सांगणे योग्य नाही. मेडिकेअर दुभाष्याचे वेगळे पैसे देत नाही. काही राज्यांचे मेडिकेड कार्यक्रम मात्र देतात; त्यासाठी टी१०१३ हा बिलातला कोड दर पंधरा मिनिटांच्या हिशेबाने वापरला जातो, म्हणून आपल्या राज्याचा नियम बिलिंगवाल्यांनी पाहून घ्यावा. कॅलिफोर्नियात सदस्यांना भाषा-साहाय्य पुरवण्याची जबाबदारी राज्याच्या कायद्याने आरोग्य विमा कंपन्यांवर टाकली आहे. तेथील दवाखान्यांनी विमा कंपनीचा दुभाषी-क्रमांक फ्रंट डेस्कवर चिकटवून ठेवावा. रुग्णाकडून मात्र या सेवेचे पैसे कोणत्याही परिस्थितीत घेता येत नाहीत.

खोलीच्या आत

प्रत्यक्ष तपासणीत द्विभाषिक व्यक्ती दुभाष्याचे काम करत असेल तर तिने रुग्णाच्या थोडे मागे किंवा शेजारी बसावे, म्हणजे डॉक्टर आणि रुग्ण एकमेकांकडे पाहून बोलू शकतात. डॉक्टरांनी "त्यांना विचार, कधीपासून दुखतंय" असे न म्हणता थेट रुग्णाला "कधीपासून दुखतंय?" असे विचारावे आणि दुभाष्यानेही "मला मंगळवारपासून दुखतंय" असे प्रथमपुरुषी उत्तर द्यावे. वाक्ये लहान ठेवावीत, दोन प्रश्न एकत्र विचारू नयेत. दुभाष्याला स्वतःचे काही विचारायचे असेल तर ते आपले बोलणे आहे असे तिने दोघांनाही सांगावे. मेडिकल असिस्टंटच दुभाषी असली की ती सवयीने रुग्णाचे उत्तर आटोपशीर करून सांगते, कारण तिचे रोजचे काम लक्षणे थोडक्यात लिहिण्याचे असते. ही सवय प्रशिक्षणात मुद्दाम मोडावी लागते. स्पॅनिशमध्येही आपल्यासारखे 'तू' आणि आदरार्थी 'उस्तेद' असे दोन प्रकार आहेत. प्रौढ रुग्णाशी सुरुवात आदरार्थीच करावी.

समजले का, असे विचारले की रुग्ण मान हलवतो. त्यामुळे त्याच्याकडूनच सांगून आणि करून घेणे हा एकमेव भरवशाचा मार्ग आहे. तापाचे द्रवरूप औषध दिलेल्या आईचे उदाहरण घ्या. द्विभाषिक नर्स तिच्या हातात तोंडाने औषध द्यायची सिरिंज देते, ५ मिलिलिटरच्या रेघेवर पेनाने ठळक खूण करते आणि म्हणते, "मी नीट सांगितले की नाही हे मला पाहायचे आहे. घरी गेल्यावर तुम्ही किती औषध द्याल ते मला भरून दाखवा." आई सिरिंजमध्ये पाणी भरते. दांडा खुणेच्या पुढे गेला तर तेथेच दुरुस्ती होते. मग पुढचा प्रश्न : "रात्री पुन्हा ताप आला तर किती वाजता द्याल?" चमच्यांचा उल्लेख कोणीच करत नाही, कारण घरातल्या चमच्यांची मापे वेगवेगळी असतात, अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सनेही २०१५ मध्ये द्रवरूप औषधांचे माप फक्त मिलिलिटरमध्येच सांगावे अशी शिफारस केली आहे. या सगळ्याला काही मिनिटेच लागतात, आणि दुभाष्यामार्फत तेच करायला त्याच्या दुप्पट वेळ गेला असता. द्विभाषिक कर्मचाऱ्याचा खरा लाभ येथे दिसतो.

कर्मचारी पुरेसे नसतील तेव्हा

सर्व तास, सर्व विषय आणि सर्व रुग्ण दोन-तीन कर्मचाऱ्यांच्या जोरावर सांभाळता येत नाहीत, म्हणून फोनवरील किंवा व्हिडिओवरील दुभाषी सेवेचा करार सोबत हवाच. खात्याचा क्रमांक, पासवर्ड आणि फोन लावण्याच्या पायऱ्या प्रत्येक खोलीत लावून ठेवाव्यात आणि रात्रपाळीच्या माणसांकडून एकदा प्रत्यक्ष फोन लावून घ्यावा. कर्करोगाचे निदान सांगणे, मृत्यूची बातमी, मानसिक आरोग्य, कौटुंबिक हिंसा अशा प्रसंगी दवाखान्यातल्या ओळखीच्या माणसापेक्षा बाहेरचा प्रशिक्षित दुभाषी रुग्णाला बरा वाटू शकतो, विशेषतः लहान गावात, जेथे फ्रंट डेस्कवरची व्यक्ती रुग्णाच्याच चर्चमध्ये जाणारी असते. अशा वेळी रुग्णालाच विचारावे. आत्महत्येच्या विचारांसाठीच्या ९८८ या राष्ट्रीय क्रमांकावर दोनचे बटण दाबल्यास स्पॅनिशमध्ये बोलता येते. हे प्रत्येक द्विभाषिक कर्मचाऱ्याला पाठ असावे.

नातेवाइकांविषयी नियम कडक आहे आणि तो तसाच असायला हवा. लहान मुलाकडून दुभाष्याचे काम, तातडीच्या प्रसंगी पात्र दुभाषी येईपर्यंतचा तात्पुरता उपाय वगळता, करून घेता येत नाही. दहा वर्षांच्या मुलीने आईला तिच्या गर्भपाताविषयी सांगावे, ही गोष्ट त्या दोघींवरही अन्याय करणारी आहे. प्रौढ नातेवाइकाला दुभाषी करण्याची मागणी रुग्णाने स्वतः केली तर ती नातेवाइकाच्या अनुपस्थितीत आणि पात्र दुभाष्यासमोर पडताळून चार्टवर नोंदवावी. नातेवाइकाने सोबत बसण्याला अर्थातच कोणाची हरकत नसते.

आणखी एक गोष्ट फार थोड्या दवाखान्यांच्या लक्षात येते. मेक्सिको किंवा ग्वाटेमालाहून आलेला प्रत्येक रुग्ण स्पॅनिशभाषक नसतो. मिश्तेको, सापोतेको, त्रिकी, माम, किचे, कान्होबाल अशा मूळनिवासी भाषा बोलणारे अनेक जण शेतांत आणि कारखान्यांत कामाला आहेत. त्यांची स्पॅनिश आपल्या स्पॅनिशभाषक रुग्णांच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीइतकीच असू शकते, आणि ती येत नाही हे सांगायला ते लाजतात. उत्तरे सतत "सी, सी" (हो, हो) अशीच येत असतील तर द्विभाषिक कर्मचाऱ्याने थांबून घरी कोणती भाषा बोलतात, गाव कोणते, असे आपुलकीने विचारावे. या भाषांसाठी कधी दोन दुभाष्यांची साखळी लावावी लागते : एक मूळनिवासी भाषेतून स्पॅनिशमध्ये, दुसरा स्पॅनिशमधून इंग्रजीत. त्याची अपॉइंटमेंट आधीच ठरवून वेळ दुप्पट ठेवावी.

नावे, तारखा आणि कागद

स्पॅनिशभाषक रुग्णांना बहुधा दोन आडनावे असतात, आधी वडिलांचे आणि नंतर आईचे. मारिया गार्सिया लोपेस या रुग्णाची नोंद कोणी गार्सिया खाली करतो, कोणी लोपेस खाली, आणि गार्सिया हे मधले नाव समजून त्याचे एक अक्षर ठेवतो. परिणामी एकाच व्यक्तीचे दोन चार्ट तयार होतात, एकात ॲलर्जी लिहिलेली असते आणि दुसऱ्यात नसते. फ्रंट डेस्कवरील सर्वांना, इंग्रजीभाषक कर्मचाऱ्यांनाही, दोन्ही आडनावे आडनावाच्याच रकान्यात लिहायला आणि शोधताना जन्मतारखेने पडताळायला शिकवावे. ती जन्मतारीख लिहितानाही महिना अक्षरांत लिहावा, कारण लॅटिन अमेरिकेत आपल्याप्रमाणेच दिवस आधी लिहितात आणि ०३/०८ म्हणजे ३ ऑगस्ट की ८ मार्च हा प्रश्न लसीकरणाच्या कार्डावर हमखास पडतो.

लेखी भाषांतर पात्र भाषांतरकाराकडूनच करून घ्यावे आणि परीक्षा उत्तीर्ण द्विभाषिक कर्मचाऱ्याने ते रुग्णाच्या नजरेने वाचून पाहावे. यंत्राने केलेल्या भाषांतराविषयी २०२४ च्या नियमांत स्पष्ट अट आहे : मजकूर रुग्णाच्या हक्कांसाठी किंवा सेवा मिळण्यासाठी महत्त्वाचा असेल, किंवा त्यात अचूकता अत्यावश्यक असेल, तर तो पात्र मानवी भाषांतरकाराने तपासलाच पाहिजे. डिस्चार्जच्या सूचना यात निश्चितच येतात. नैराश्य आणि चिंतेसाठीच्या पीएचक्यू-९ व जीएडी-७ या प्रश्नावलींची स्पॅनिश रूपे उपलब्ध आहेत. त्या तोंडी भाषांतर करून विचारू नयेत. फार्मसीच्या लेबलावरील सूचना स्पॅनिशमध्ये मिळाव्यात यासाठी कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क येथे कायदे आहेत, तरी प्रिस्क्रिप्शन पाठवतानाच त्यावर भाषेची नोंद करणे हा सर्व राज्यांत उपयोगी पडणारा उपाय आहे.

परिणाम पाहत राहणे

व्यवस्था लागल्यानंतर दर तीन महिन्यांनी काही गोष्टी भाषेनुसार वेगळ्या काढून पाहाव्यात : चुकलेल्या अपॉइंटमेंट, पूर्ण झालेले रेफरल, असामान्य निकालानंतर रुग्णाशी प्रत्यक्ष बोलणे होईपर्यंत गेलेले दिवस, आणि दुभाष्याची गरज असूनही चार्टवर दुभाष्याची किंवा पात्र कर्मचाऱ्याची नोंद नसलेल्या भेटी. या शेवटच्या आकड्याकडे सर्वाधिक लक्ष द्यावे, कारण सुरुवातीचा उत्साह ओसरला की तोच प्रथम वाढतो. तक्रार स्पॅनिशमध्ये तोंडी करता येईल अशी सोय ठेवावी; लेखी अर्जाच्या पेटीत या रुग्णांच्या तक्रारी सहसा पडत नाहीत, त्यामुळे पेटी रिकामी आहे म्हणून सर्व ठीक आहे असे मानू नये. आकड्यांच्या बैठकीला द्विभाषिक कर्मचाऱ्यांना कामाच्या वेळेत, पगारासह बोलवावे आणि कोणता रुग्ण कोठे अडला हे त्यांना आधी बोलू द्यावे, कारण फोनवर दोन दाबल्यानंतर काय होते ते रोज त्यांच्याच कानावर पडत असते.